पंखांची पार्टनरशिप

कार्ल्याला गेलो की आपण एकवीरेच्या पायऱ्या मोजतो, लेण्यापुढे फोटो काढतो आणि हायवेवर वडापाव खाऊन परत फिरतो. त्याच डोंगरउतारावर वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकमेकांच्या जोरावर संसार करत असतात. कुणी सोबतीला, कुणी राखणीला, तर कुणी चक्क टोपी घालायला!

टीमवर्क हा शब्द ऐकला की हल्ली जांभई येते, हो ना? एकसारखे टी-शर्ट घालायचे, रिसॉर्टच्या लॉनवर रस्सीखेच खेळायची, ग्रुप फोटोत दात दाखवायचे आणि सोमवारी पुन्हा सीसी-बीसीसीचं युद्ध सुरू. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या अशा कित्येक ‘टीम बिल्डिंग’ सहली लोणावळा-कार्ल्याच्या पट्ट्यात होतात. गंमत म्हणजे खरंखुरं टीमवर्क तिथेच, रिसॉर्टच्या कंपाउंडपलीकडच्या झाडीत चालू असतं आणि त्याला एचआर लागत नाही.

गेल्या वर्षभरात मी चार वेळा कार्ल्याला गेले. पुण्याहून लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं. एका बाजूला भाजे, विसापूर, लोहगड. दुसऱ्या बाजूला इंद्रायणी ओलांडून कार्ले. सोबत पक्षी बघण्यात अर्धं आयुष्य घालवलेला एक मित्र, दुर्बीण आणि मळवली स्टेशनबाहेरचा चहा. मला पक्ष्यांची यादी नको होती. ‘आज किती स्पीशीज झाल्या?’ हा आकड्यांचा खेळ खेळणारे भरपूर आहेत. मला त्यांची भानगड बघायची होती. म्हणजे कोण कोणाबरोबर फिरतं आणि का?

शास्त्रात याला सहजीवन म्हणतात. १८७९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अँटन द बारी यांनी ‘सिम्बायोसिस’ हा शब्द शास्त्रात रुजवला, तेव्हा त्यांच्या डोक्यात गोडगुलाबी मैत्री नव्हती. वेगवेगळ्या जातींचे जीव एकत्र राहतात, एवढाच त्याचा अर्थ होता. मग त्यात दोघांचा फायदा असेल, एकाचा फायदा आणि दुसऱ्याला काही फरक नाही असं असेल, किंवा एकाची चांदी आणि दुसऱ्याचं दिवाळं असेल. आपल्या ऑफिसात तिन्ही प्रकार सापडतात. कार्ल्यातही सापडले.

कोतवालाच्या शेजारी घर

सुरुवात सगळ्यात सोप्या पक्ष्यापासून करू. जुन्या हायवेने जाताना विजेच्या तारेवर काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या लांब शेपटीचा एक पक्षी बसलेला दिसतो. तो कोतवाल. तारेवरून झेपावतो, हवेतला किडा टिपतो, परत जागेवर. हे काम दिवसभर चालतं.

त्याला कोतवाल का म्हणतात, ते एप्रिलमध्ये कळतं. घरट्याचे दिवस आले की हा बुलबुलाएवढ्या अंगाचा पक्षी दादा होतो. घरट्याच्या आसपास कावळा फिरकला की हा त्याच्या पाठीवर. घार आली तर घारीच्याही पाठीवर. आपल्या कितीतरी पट वजनाच्या पक्ष्याला चोची मारत हाकलत नेतो आणि मग ऐटीत परत येतो.

आता शेजाऱ्यांचा धोरणीपणा बघा. हळद्या, होला, बुलबुल असे नरम स्वभावाचे पक्षी बऱ्याचदा कोतवालाच्या झाडावर किंवा त्याच्या जवळपासच घरटं बांधतात. पोलीस चौकीच्या बाजूला फ्लॅट घ्यावा, तसं! कोतवाल या शेजाऱ्यांना त्रास देत नाही आणि त्याच्या हद्दीत अंडीचोर कावळ्यांची डाळ शिजत नाही. सिक्युरिटी मिळते, मेंटेनन्स शून्य.

लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर एका आंब्यावर असं बिऱ्हाड आम्हाला दिसलं. वरच्या बेचक्यात कोतवालाची उथळ वाटी आणि त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीला टांगलेला हळद्याचा झोळणा. आम्ही अर्धा तास उभे होतो. तेवढ्यात कोतवालाने दोन कावळे आणि एक घार परतवली. पिवळाधम्मक हळद्या मात्र निवांत. त्याने या कामात पंखसुद्धा हलवला नाही.

‘मग कोतवालाला काय मिळतं?’ मी विचारलं.

‘फार तर चार जादा डोळे,’ मित्र म्हणाला. ‘पण तो हिशेब मागत नाही. कावळ्याला हाकलायचं काम त्याला तसंही करायचंच असतं.’

हा मुद्दा महत्त्वाचा. निसर्गातल्या कित्येक भागीदाऱ्यांत कुणी कुणावर उपकार करत नाही. एकाच्या रोजच्या कामातून दुसऱ्याचं आपोआप भलं होतं, इतकंच.

थव्यातली पोझिशन

डिसेंबरमधली सकाळ. एकवीरेच्या डोंगराच्या बाजूने एक पायवाट झाडीत शिरते. करवंदाच्या जाळ्या, अधूनमधून उंबर, वर शांतता. दहा मिनिटं काहीच नाही. वाटलं, आज फुकट आलो. आणि मग एकदम झाडं बोलायला लागली!

आधी आली राखी वल्गुली, काळं डोकं आणि पांढरे गाल असलेला चिमणीएवढा पक्षी. पाठोपाठ डोळ्यांभोवती पांढरं रिंगण असलेले चष्मेवाले, एक-दोन नव्हे, चांगले पंधरा-वीस. मग हिरवट-पिवळा सुभग, शेपटीचा पंखा उघडून मिरवणारा नाचण, शेंड्यावर छोटे निखार. थंडीपुरता उत्तरेकडून आलेला एक इवलासा पर्णवटवट्याही त्यांच्यात मिसळलेला. आणि या सगळ्या लवाजम्याच्या थोडा मागे, जरा उंचावर एक राखी कोतवाल. तोही हिवाळी पाहुणाच. पाच-सात मिनिटांत हे अख्खं वऱ्हाड आमच्या डोक्यावरून पुढे गेलं आणि जंगल पुन्हा चिडीचूप.

याला म्हणतात मिश्र थवा. घरट्यांचा मोसम संपला की लहान किडेखाऊ पक्षी असे एकत्र हिंडतात. यात प्रत्येकाची पोझिशन ठरलेली. चष्मेवाले पानं उलटीपालटी करतात, वल्गुली फांद्यांच्या सालीतल्या फटी तपासते, निखार शेंडे बघतो, नाचण आणि कोतवाल उडणारे किडे हवेत टिपतात. एकाच झाडावर सगळे, पण कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. उलट एकाने पानं हलवली की त्यातून उडालेला किडा दुसऱ्याच्या चोचीत. जॉब डिस्क्रिप्शन इतकं क्लिअर मी कुठल्याच ऑफिसात पाहिलेलं नाही.

पण हा खटाटोप कशासाठी? मुख्य कारणं दोन: पोट आणि भीती. एकटा पक्षी दर थोड्या वेळाने मान वर करून शिक्रा आला का ते बघतो. तेवढा वेळ खाणं बंद. थव्यात डोळे जास्त, म्हणून प्रत्येकाने कमी वेळा मान वर केली तरी चालतं. हरी श्रीधर, गी बोशां आणि कार्तिक शंकर या संशोधकांनी २००९ मध्ये जगभरच्या अशा थव्यांवरचे अभ्यास एकत्र करून तपासले. थव्यात सामील झालेले पक्षी जास्त वेगाने खातात आणि पहाऱ्यात कमी वेळ घालवतात, असं त्यात दिसलं. आणि हा फायदा मुख्यतः मागून येणाऱ्यांचा, पुढे चालणाऱ्यांचा नव्हे.

म्हणजे बघा, इथेही लीडर आणि फॉलोअर आहेतच. पुढे कोण चालतं? बहुतेक वेळा जे पक्षी मुळात आपल्या जातभाईंबरोबर गटाने राहतात, सतत एकमेकांशी चिवचिवतात ते. त्यांचा गोंगाट म्हणजेच थव्याचा पत्ता. बाकीचे तो ऐकून येऊन मिळतात. आपण सोबत यावं म्हणून कुणी मेल पाठवत नाही आणि निघून गेल्यावर कुणी विचारत नाही. मी स्वतः फ्रीलान्सर असल्याने या पर्णवटवट्याबद्दल मला विशेष आपुलकी वाटली. चालू प्रोजेक्टमध्ये मध्येच घुसायचं, पोट भरायचं, पुढे जायचं!

अलार्म खरा की खोटा?

थव्याच्या मागे राहणारा कोतवाल हा या गोष्टीतला सगळ्यात इंटरेस्टिंग माणूस. सॉरी, पक्षी. त्याला उडते किडे लागतात, म्हणून त्याची नजर तशीही हवेतच असते. शिक्रा आला की पहिली बोंब त्याची. बाकीचे ती ऐकून पानांत दडतात. मोबदल्यात त्यांनी उठवलेले किडे याला मिळतात. फेअर डील.

कोतवालाचा मोठा भाऊ म्हणजे सह्याद्रीच्या दाट जंगलातला भृंगराज. शेपटीला दोन लांब तारा, तारांच्या टोकाला पिसांचे झुबके. हा नकलाकार म्हणून प्रसिद्ध. श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलात एबेन गुडेल आणि सरत कोटगामा यांनी तिथल्या भृंगराजावर अभ्यास केला. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं, की तो थव्यातल्या इतर पक्ष्यांचे आवाज काढतो आणि त्या आवाजांनी ते पक्षी खरोखर जवळ येतात. म्हणजे थवा जमला नसेल, तर हा गडी प्रत्येकाच्या भाषेत हाक मारून तो जमवतो!

आता याची काळी बाजू. आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटात कोतवालाचा एक चुलतभाऊ राहतो. टॉम फ्लॉवर या संशोधकाने त्याच्यावर वर्षानुवर्षं पाळत ठेवली आणि २०१४ मध्ये त्याचं बिंग ‘सायन्स’ या नियतकालिकात फोडलं. हा पक्षी इतरांसाठी पहारा करतो, बहुतेक वेळा खरा इशारा देतो. पण समोरच्याला चांगला मोठा किडा सापडला की खोटा अलार्म वाजवतो. समोरचा घाबरून किडा टाकून पळतो आणि हा तो उचलतो. एका आवाजाला कुणी फसेनासं झालं की दुसऱ्या कुणाचा आवाज काढतो. पन्नासच्या आसपास इशारे त्याच्या साठ्यात असतात. दिवसाच्या खाण्यापैकी जवळपास पाव हिस्सा तो अशा चोरीतून कमावतो.

मग बाकीचे त्याला हाकलत का नाहीत? त्याचं उत्तर तिथल्याच सातभाईंच्या एका नातलगाने दिलंय. अमांडा रिडली आणि निकोला रायहानी यांच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं, की गट लहान असेल तर हे पक्षी कोतवालाला चालवून घेतात, कारण त्यांच्याकडे पहाऱ्याला माणसं कमी. गट मोठा झाला, स्वतःचे पहारेकरी परवडायला लागले की त्याच कोतवालाला पिटाळून लावतात. चोर म्हणून नाही, तर आता गरज उरली नाही म्हणून!

आपल्याकडचा कोतवालही काही संत नाही. तो शिक्र्याची नक्कल करतो आणि त्या आवाजाने साळुंक्या घाबरून उडतात, अशी दक्षिण भारतातली निरीक्षणं आहेत. साहेब हप्ता घेतात, पण चोरही पकडतात. मग लोक काय करतात? अ‍ॅडजस्ट करतात.

रेडी पझेशन

फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्ल्यात फिरताना ‘टुक्... टुक्... टुक्’ असा एकसुरी आवाज येतो. भांड्यावर कुणीतरी हातोडी मारतंय असं वाटतं. हा तांबट. कपाळावर लाल टिळा, अंग हिरवं, आकार चिमणीपेक्षा थोडा मोठा. पांगारा, काटेसावर, शेवगा अशा मऊ लाकडाच्या झाडाची वाळकी फांदी बघून तो तिच्यात चोचीने गोल भोक पाडतो आणि आत घर करतो. सुतार पक्षी हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो.

हे दोघे या डोंगरातले बिल्डर. आणि यांची घरं बहुधा एका मोसमापुरती. मोसम संपला की जागा रिकामी. मग तिथे रांग लागते. लहान ढोलीत वल्गुली, जरा मोठीत दयाळ, सुताराने पाडलेल्या ऐसपैस ढोलीत साळुंकी, पोपट किंवा पिंगळा. यातल्या बहुतेकांना स्वतः लाकूड पोखरता येत नाही. त्यांना घर हवंच, पण बांधायचं हत्यार नाही. कुणीतरी आधी पाडून ठेवलेली ढोली नाहीतर झाड कुजून झालेली पोकळी, एवढेच पर्याय. शेतातही हेच चालतं. सुगरणीने सोडून दिलेल्या खोप्यात मुनिया बिनदिक्कत राहायला येते.

कॅथी मार्टिन आणि जॉन ईडी या संशोधकांनी १९९९ मध्ये याला ‘नेस्ट वेब’ असं नाव दिलं. अन्नाची जशी साखळी असते, तसं हे घरांचं जाळं. वर झाड, मग भोक पाडणारा, मग त्यात राहणारे. झाड गेलं की खालचे सगळे भाडेकरू एकदम रस्त्यावर.

आणि झाड जातंच. आम्ही ज्या वाळक्या काटेसावरीवर मागच्या खेपेला सुताराची ये-जा बघितली होती, ती पुढच्या खेपेला नव्हती. तिथे तारेचं कुंपण होतं, आत कापलेलं लॉन, स्विमिंग पूल आणि ओळीने लावलेली शोभेची पाम. फाटकाशी असलेल्या राखणदार काकांना विचारलं.

‘मालकांनी तोडायला सांगितलं, ताई. वाळकं झाड फोटोत बरं दिसत नव्हतं म्हणे.’

‘त्यावर पक्षी होते, काका.’

‘होते की! रात्री पिंगळा ओरडायचा. आता नाही ओरडत.’

मी त्यावर काही बोलले नाही. काकांचा यात काय दोष? पण आपल्याला हिरवं लॉन म्हणजे निसर्ग आणि वाळकं झाड म्हणजे कचरा वाटतो, तिथे सगळी गोची आहे. पिंगळ्याच्या दृष्टीने ते लॉन म्हणजे पार्किंग लॉट आणि ते वाळकं झाड म्हणजे अख्खी हाउसिंग सोसायटी. पिंगळ्याला कुणी मारलं नाही, त्याचं खाणंही कुणी पळवलं नाही. फक्त सुताराशी असलेला त्याचा धागा कापला गेला. तेवढ्याने पुरलं.

पाळणाघर, तेही फुकट

आता थेट फसवणुकीकडे येऊ. मे संपता संपता मावळात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा आवाज टिपेला जाऊ लागतो. हा पावशा. शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून देणारा म्हणून आपल्याकडे त्याचं केवढं कौतुक! पण तो ओरडत असतो त्याच्या स्वतःच्या पेरणीसाठी. आणि त्याचं शेत म्हणजे सातभाईंचं घरटं.

सातभाई तुम्ही पाहिलेत. मातकट रंगाचे, सहा-सात-आठच्या टोळीने फिरणारे, अखंड भांडल्यासारखा कलकलाट करणारे. टोळीतले बरेच जण मिळून एकाच घरट्यातली पिल्लं वाढवतात. जॉइंट फॅमिली! आणि इतके काका-मावश्या हाताशी असलेलं घर पावशाच्या मादीला आयतं पाळणाघर वाटतं. तिचं अंडंही सातभाईंच्या अंड्यांसारखंच निळंशार. वर पावशा दिसतो हुबेहूब शिक्र्यासारखा. तो जवळ आला की सातभाई बिथरतात आणि त्या गडबडीत काम फत्ते. पावसाच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून येणारा चातक, ज्याला आपण फक्त पावसाचं पाणी पिणारा विरही वगैरे करून टाकलाय, तोही हाच धंदा करतो आणि तोही बऱ्याचदा सातभाईंकडेच.

कोकिळेची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. ‘कुहू’ करणारा तो नर, ठिपक्यांची गप्प मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालणारी. कोकिळेचं पिल्लू अंड्यातून कावळ्याच्या पिल्लांच्या आधी बाहेर येतं आणि घास मागण्याच्या शर्यतीत पुढे जातं. हुशार म्हणून प्रसिद्ध असलेला कावळा मुकाट त्याला भरवतो.

इथवर सगळं काळं-पांढरं आहे. पण निसर्ग इतका सोपा नसतो. चातकाच्याच कुळातली ठिपकेदार मोठी कोकिळा स्पेनमध्ये कावळ्यांच्या घरट्यात अंडी घालते. दानिएला कानेस्त्रारी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अजब गोष्ट समोर आणली. त्या कोकिळेचं पिल्लू पकडलं की घाणेरड्या वासाचा स्राव सोडतं. शिकारी प्राणी त्याने दूर पळतात. त्यामुळे कोकिळेचं पिल्लू असलेल्या घरट्यातून कावळ्याचं निदान एक तरी पिल्लू वाचण्याची शक्यता जास्त निघाली. शिकारी फार असले की हा आगंतुक फायद्याचा, कमी असले की तोट्याचा. एकच नातं, पण परिस्थिती बदलली की त्याचं नाव बदलतं.

हे वाचून मला सातभाईंची कीव करणं सोडून द्यावंसं वाटलं. नात्यावर एकदा लेबल लावून मोकळं होता येत नाही. बाहेरची परिस्थिती बघावी लागते, आणि ती बदलली की हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

बगळा बदलला, गाय गेली

हिशेब पुन्हा कसा मांडतात, ते जुलैत खाचरांत दिसलं. हा इंद्रायणी तांदळाचा पट्टा. चिखलणी चालू होती. पूर्वी बैलांच्या मागे चालणारे गायबगळे आता ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरच्या मागे चालत होते. गुरांच्या पायांनी उडणारे टोळ आणि किडे टिपण्यावर या बगळ्याचं पोट. चिखल फाळाने उलटला काय किंवा खुराने उठवला काय, त्याला बेडूक-किड्यांशी मतलब. मागे साळुंक्या आणि बांधावरच्या खांबावर आपले कोतवाल साहेब होतेच, बगळ्यांनी उठवलेलं उरलंसुरलं टिपायला.

गायबगळा हा जगातला मोठा जुळवून घेणारा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याने आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडला, दक्षिण अमेरिकेत पोचला आणि तिथल्या गुरांमागे चालायला लागला. अशाला ट्रॅक्टरचं काय!

पण सगळे गायबगळे नसतात. पिंगळ्याला झाडाऐवजी विजेचा खांब चालत नाही. चष्मेवाल्यांच्या थव्याला एका झाडीतून दुसऱ्या झाडीत जायला मध्ये झुडपं लागतात, दगडी भिंत नाही. जंगल तुकड्यातुकड्यांत वाटलं गेलं की असे थवे लहान होतात, त्यातले भिडू बदलतात, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलंय. पक्षी एकदम नाहीसे होत नाहीत. आधी त्यांची एकमेकांशी असलेली नाती सुटतात. यादीत नाव असतं, ठिकाणी पक्षीही असतो, पण त्याचा पार्टनर गेलेला असतो. म्हणून ‘किती जाती दिसल्या’ यापेक्षा ‘कोण कुणाबरोबर दिसलं’ हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.

आणि आपण?

कार्ल्याच्या लेण्यात या प्रश्नाला एक जुना संदर्भ आहे. चैत्यगृहात देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. वैजयंतीचा शेठ भूतपाल, धेनुकाकटचे रहिवासी, त्यात यवनसुद्धा. कुणी काय दिलं, याचा दगडात कोरलेला हिशेब. तिथलाच एक लेख नहपान राजाचा जावई उषवदात याचा आहे. पावसाळ्यात या लेण्यांत मुक्कामाला येणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचं गाव दिलं, असं तो सांगतो. म्हणजे दूरदूरच्या लोकांनी पावसाळ्यात या डोंगरात येऊन राहायचं, हा प्रकार सुमारे दोन हजार वर्षं जुना. तेव्हा येणारे कोण, त्यांचा भार कुणी उचलायचा, हे ठरलेलं होतं. लिहून ठेवलेलं होतं.

आपणही पावसाळ्यातच धावतो तिथे. द बारींच्या तीन खान्यांपैकी आपण कुठल्या खान्यात बसतो? गावाशी असलेलं आपलं नातं एकतर्फी नाही. वडापावच्या गाडीपासून हॉटेलच्या नोकरीपर्यंत कित्येक चुली आपल्या येण्यावर पेटतात. पण डोंगराशी असलेल्या नात्यात आपण अजून तरी पावशाच्या जवळचे. अंडं घालायचं, म्हणजे प्लॉट घ्यायचा किंवा पार्टी करायची, आणि निस्तरायला दुसऱ्यांना ठेवून सोमवारी ऑफिस.

हे बदलायला संन्यास घ्यावा लागत नाही. कोतवालाने हळद्यासाठी वेगळं काहीच केलं नव्हतं, आठवतंय? त्याच्या नेहमीच्या वागण्यातच शेजाऱ्याची सोय झाली. आपलंही तसं होऊ शकतं. तुमचा किंवा तुमच्या मित्राचा, काकांचा, बॉसचा या भागात प्लॉट असेल, तर घरावर किंवा वाटेवर पडण्याचा धोका नसलेलं वाळकं झाड उभं राहू द्या. उंबर तोडू नका. भिंतीऐवजी करवंदाचं कुंपण चालतंय का बघा. आणि बंगला भाड्याने घेताना पूल आहे का, हे विचारतोच आपण. एकदा ‘जुनी झाडं ठेवलीत का?’ असंही विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की मालक आपोआप विचार करायला लागतो. मार्केटचा हा नियम आपल्याइतका कुणाला कळतो?

जाणार असाल तर...

• पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. तिथून कार्ले रिक्षाने किंवा चालत.

• मिश्र थवे बघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत. एका जागी वीस मिनिटं गप्प बसा. थव्यामागे धावू नका, तो वळून परत येतो.

• तांबट आणि ढोल्यांसाठी फेब्रुवारी-मार्च, कोतवालाच्या शेजाऱ्यांसाठी एप्रिल-मे, पावशा-सातभाईंसाठी जूनच्या आगेमागे, गायबगळ्यांसाठी भात लावणीचे दिवस.

• चैत्री यात्रा, नवरात्र आणि पावसाळी रविवार टाळा. त्या दिवशी पक्ष्यांपेक्षा हॉर्न जास्त ऐकू येतील.

• घरट्याजवळ जाऊन फोटो नको. तुमच्या मागून कावळा येतो, आणि तो हुशार आहे.

• मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ चाळा. २०२५ मध्ये ते गेले, पण आपल्या भाषेत पक्ष्यांना हाक कशी मारायची हे शिकवून गेले.

• वहीत दोन रकाने करा. डावीकडे पक्ष्याचं नाव, उजवीकडे ‘सोबत कोण होतं?’. उजवा रकाना रिकामा राहायला लागला, तर समजा की त्या जागेचं काहीतरी बिनसलंय.